बेटावरचा शुक्रवार

मराठी साहित्याला बेट दोन रूपांत ठाऊक आहे. एक अंदमानचे, काळ्या पाण्याचे. ‘माझी जन्मठेप’ने ते आपल्या वाचनात कायमचे ठसवले. दुसरे सहलीचे, निळ्या पाण्याचे आणि मधुचंद्राच्या छायाचित्रांचे. पहिल्या बेटावर माणूस शिक्षा भोगतो, दुसऱ्यावर चैन करतो. ज्या बेटावर माणूस आठवड्याचे सहा दिवस राबतो आणि सातव्या दिवशी कपडे धुतो, मासळी आणतो, क्रिकेट खेळतो, दुपारी गाढ झोपतो आणि संध्याकाळी घरी फोन लावतो, त्या तिसऱ्या बेटाला आपल्या साहित्यविचारात जागा नाही. आमचा आक्षेप या अभावाला आहे. तो अपघाताने निर्माण झालेला नाही, आपल्या वाचनाच्या सवयींनी तो घडवला आहे, असे आमचे म्हणणे आहे.

हे तिसरे बेट आम्हांला दूर जाऊन शोधावे लागत नाही. आम्ही कोकणात मराठी शिकवतो. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या खाडीकाठच्या गावांतून आखातात नोकरीला जाण्याची वाट आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या पायांखालची झाली आहे. आमच्या वर्गात बसणाऱ्या काही मुलांचे वडील, काही मुलींचे मामा आणि काका बहारीनमध्ये आहेत. आठशे चौरस किलोमीटरही नसलेले हे बेटांचे राज्य. वस्ती पंधरा लाखांच्या आसपास, त्यात निम्म्याहून अधिक परदेशी, आणि त्या परदेशीयांत भारतीय तीन लाखांहून अधिक. मुंबईशी त्याचे नाते तेलाच्याही आधीचे. बहारीनच्या समुद्रातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. जपानी संवर्धित मोत्यांनी तो धंदा बसवला, १९३२ साली तेथे तेल लागले आणि मोती काढणारे हात तेलाकडे वळले. १९६५ साली दिनार येईपर्यंत या बेटावर रुपयाच चालत होता. तेव्हा बहारीन हा मराठी वाचकाचा विषय कसा, असे विचारणाऱ्याने आधी मुंबईचाच इतिहास उघडावा.

आता या बेटावरच्या उन्हाबद्दल. सहलीच्या जाहिरातीत ऊन हे बेटाचे भांडवल असते, पाहुणा त्यासाठी पैसे मोजतो. बहारीनमध्ये २००७ पासून जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करून घेण्यास बंदी घालण्यात आली. २०२५ मध्ये ही मुदत वाढून १५ जून ते १५ सप्टेंबर अशी तीन महिन्यांची झाली. ज्या उन्हासाठी एक माणूस विमानाचे तिकीट काढतो, त्याच उन्हापासून दुसऱ्याला वाचवण्यासाठी सरकारला हुकूम काढावा लागतो. हे चार तास कामगाराला मिळतात हे चांगलेच आहे. पण त्यांना फुरसत म्हणावे काय? कामावरच्या सावलीत किंवा छावणीच्या खाटेवर तो पडून राहतो, कारण पुढच्या पाळीसाठी त्याचे शरीर शाबूत राहिले पाहिजे. बैलालाही दुपारी जू उतरवून झाडाखाली बांधतात.

या भेदासाठी शब्द शोधायला आम्हांला मराठीबाहेर जावे लागत नाही. ‘रजा’ आणि ‘फुरसत’ हे आपले दोन्ही शब्द मुळात अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. ‘रजा’च्या मुळाशी संमती आहे, मर्जी आहे. ‘फुरसत’च्या मुळाशी संधी आहे. तिसरा ‘सुट्टी’ हा शब्द ‘सुटणे’ या आपल्या क्रियापदाच्या कुळातला. म्हणजे रजा धन्याच्या मर्जीची, सुट्टी दाव्यातून सुटण्याची आणि फुरसत काहीतरी करण्याच्या संधीची. बहारीनच्या २०१२ च्या कामगार कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि सलग २४ तासांची साप्ताहिक विश्रांती घालून दिली. या दोन्ही तरतुदी त्या कायद्याने घरकामासाठी ठेवलेल्या नोकरांना मात्र लागू केल्या नाहीत, आणि त्यांत बायकांची संख्या मोठी. कायदा फार तर रजा देतो. तिची फुरसत करणे हे माणसाचे स्वतःचे काम, आणि आमच्या मते साहित्याचा विषय तेथेच सुरू होतो.

हे काम शुक्रवारी होते. २००६ साली बहारीनमध्ये साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार झाली, पण बांधकामावरच्या अनेकांच्या वाट्याला त्यातला एकच दिवस येतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी बसून या शुक्रवारांबद्दल आम्ही पुष्कळ ऐकले आहे. ऊन चढण्याआधी मोकळ्या माळावर रंगणारा क्रिकेटचा सामना, त्यात एका संघात दापोलीचा, पेशावरचा आणि सिल्हटचा माणूस. आठवड्याचे कपडे. पाळीपाळीने रांधणे, आणि हामूरला सुरमईची चव नाही यावर दर आठवड्याला नव्याने होणारा वाद. दुपारची नमाज. मनामाच्या बाजारात काही न घेता मारलेली फेरी, मग पैसे पाठवण्याची रांग. आणि फोन. भारतातले घड्याळ अडीच तास पुढे, त्यामुळे येथे जेवणे उरकून मुले पेंगू लागतात तेव्हा तेथे आठही वाजलेले नसतात. मुलाला जागे ठेवायचे की झोपू द्यायचे, हा घराघरातला साप्ताहिक पेच. यातले काहीही थोर नाही. पण एखाद्या कादंबरीकाराने मुंबईच्या चाळीतला रविवार याच तपशिलांनी उभा केला असता, तर आपण त्यावर वास्तववादाचा प्रबंध लिहून घेतला असता.

मग बेटावरच्या शुक्रवाराचे साहित्य का होत नाही? पहिले कारण आपल्या प्रवासवर्णनाच्या कल्पनेत आहे. गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९), पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि ‘पूर्वरंग’ (१९६३) या पुस्तकांनी मराठी वाचकाला परदेश पाहायला शिकवले, आणि त्यांचे ऋण आम्ही मानतो. दोष पुस्तकांचा नाही. दोष त्यांच्यावरून नियम बांधणाऱ्या आपल्या अध्यापनाचा आहे. प्रवासवर्णनाचे निकष म्हणून आपण फळ्यावर नावीन्य, विस्मय, सौंदर्यदृष्टी आणि तुलना असे शब्द लिहितो. हे सगळे परतीचे तिकीट खिशात असलेल्या माणसाचे गुण आहेत. बाराव्या वर्षी त्याच बेटावर असलेल्या माणसाला विस्मय कशाचा वाटणार? त्याच्याकडे सराव असतो, कंटाळा असतो, आणि त्या कंटाळ्यातून काढलेल्या युक्त्या असतात. आपल्या निकषांत कंटाळ्याला गुण नाहीत. अण्णा भाऊ साठे यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ आपण वाचतो ते अपवाद म्हणून, आणि तेथेही श्रमिकाची नजर या शब्दापाशी थांबतो. श्रमिकाच्या फुरसतीची नजर असा शब्द आपल्या परिभाषेत अजून यायचा आहे.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. स्थलांतरिताला आपण नेहमी गावाच्या वेशीवरून पाहिले. कोकणातल्या लेखनात मुंबईचा चाकरमानी दिसतो तो गणपतीला किंवा शिमग्याला, गाडीतून उतरताना. आखातातला माणूसही असाच दिसतो. दोरीने बांधलेले खोके, अत्तराचा वास, नवे घर, किंवा मग फसवणूक, कर्ज आणि शवपेटी. आला तर सोने, नाहीतर अश्रू. वर्षातले बावन्न शुक्रवार या दोन चित्रांच्या मध्ये गडप होतात. बेटाच्या ज्या दोन प्रतिमांनी आम्ही सुरुवात केली, तुरुंग आणि चैन, त्यांचेच हे आखाती पाठभेद आहेत. दोन्हींत माणूस पूर्ण दिसत नाही. तुरुंगातल्या माणसाची आपण कीव करतो आणि चैनीतल्याचा हेवा. सोबत कोणाचीच करत नाही.

शेजारच्या मल्याळमने हे वेगळ्या रीतीने हाताळले. एस. ए. जमील यांच्या ‘दुबई कत्तुपाट्टू’ने आखातातल्या नवऱ्याला लिहिलेल्या पत्राचे गाणे केले आणि ते घरोघरी पोचले. बेन्यामिन १९९२ ते २०१३ या काळात बहारीनमध्ये होते. त्यांची ‘आडुजीवितम्’ ही कादंबरी २००८ साली आली, तिला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. ती गोष्ट सौदीच्या वाळवंटात शेळ्यांबरोबर डांबल्या गेलेल्या माणसाची, म्हणजे तुरुंगाचीच. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब दुसरी आहे. ज्याला क्षणाची फुरसत नव्हती त्याची कथा बेटावर नोकरी करणाऱ्या दुसऱ्या माणसाने नोकरीतून उरलेल्या वेळात लिहिली. त्या उरलेल्या वेळाला आधारही होता. बहारीनमध्ये केरळीय समाजम् ही संस्था १९४७ पासून उभी आहे. फुरसतीला घर असले की तिची भाषा होते आणि भाषेची कधीतरी कादंबरी होते. आखातात मराठी मंडळे नाहीत असे नाही, त्यांचे गणेशोत्सव आणि दिवाळी पहाट उत्साहाने साजरे होतात. विश्व मराठी साहित्य संमेलनही २०१० साली दुबईत भरले. आमचा प्रश्न एवढाच की त्या व्यासपीठावरच्या मराठीत छावणीतल्या खाटेवरून बोलली जाणारी मराठी मोजली जाते काय? तेथे बोलणारा अनेकदा कोकणी मुसलमान असतो. त्याच्या बोलीला आपण भाषाविज्ञानाच्या तासाला मराठीची बोली म्हणतो आणि साहित्याच्या तासाला विसरतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की जेथे वेतन थकते, पारपत्रे काढून घेतली जातात, तेथे क्रिकेट आणि मासळीच्या गप्पा हा शोषणावर टाकलेला पडदा आहे. आम्हांला हे पटत नाही. माणूस फक्त शोषित आहे असे म्हणणे ही त्याच्यावरची दुसरी सक्ती आहे. शिवाय शोषणाचे माप फुरसतीतूनच कळते. कोणाला शुक्रवार आहे, कोणाचा शुक्रवार जादा कामात जातो, आणि घरकाम करणारीला तो मुळातच नाही, हे विचारल्यावाचून शोषणाचा तपशील हाती लागत नाही. नुसते ‘बिचारे’ म्हटल्याने तर नाहीच नाही.

दुसरा आक्षेप आमच्या सहकाऱ्यांचा. संहिता कोठे आहे, शिकवायचे काय? हा प्रश्न मराठी समीक्षेने यापूर्वीही विचारला आहे आणि प्रत्येक वेळी तो तिच्यावरच उलटला आहे. जात्यावरच्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या गायल्या जात होत्या, कोणीतरी बसून त्या उतरवून घेतल्यावर त्या संहिता झाल्या. ‘बलुतं’ १९७८ साली आले, त्याआधी ते जगणे नव्हते काय? आखातातून ऐंशीच्या दशकात घरी येणाऱ्या ध्वनिफिती कोकणातल्या कपाटांत बुरशी धरत आहेत. बापाने मुलीसाठी त्यांत बोलून ठेवलेले आहे, बेटावरचा दिवस सांगितलेला आहे, मध्येच थांबून खोलीतल्या सोबत्याला हाक मारलेली आहे. पुढे त्यांची जागा मोबाइलवरच्या आवाजी निरोपांनी घेतली, आणि ते तर फोन बदलला की नाहीसे होतात. संहिता नाही असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत ती पुसली जात आहे.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. प्रवासवर्णनाच्या अभ्यासपत्रिकेत नोकरीसाठी परदेशी गेलेल्यांच्या निवेदनांना एक घटक द्यावा. एम. ए. च्या प्रकल्पांसाठी गावोगावच्या या ध्वनिफिती, पत्रे आणि निरोप घरच्यांच्या परवानगीने उतरवून घ्यावेत, बोली जशीच्या तशी ठेवून. आणि ‘स्थलांतरितांचे साहित्य’ या विषयावर चर्चासत्र भरवणाऱ्यांनी निदान एक सत्र व्यथेखेरीज कशावर तरी ठेवावे. आमच्या वर्गातल्या मुलीला ‘अपूर्वाई’ आवडते, तिने ती जरूर वाचावी. पण आपला बाप बेटावर दर शुक्रवारी काय करतो हे लिहिण्यासारखे आहे, हेही तिला मराठीच्याच वर्गात कळले पाहिजे. ते सांगण्याचे काम आपले आहे, आणि त्या ध्वनिफिती फार काळ टिकणार नाहीत.