गुहेचे दार आणि सरकारी कुलूप

जर्मनीच्या दक्षिण सरहद्दीवर, बेर्ख्टेसगाडेननजीकच्या उंटर्सबर्ग या चुनखडीच्या पर्वतात रीझेन्डिंग नावाची गुहा आहे. ८ जून २०१४ रोजी, तिच्या प्रवेशमुखापासून सुमारे एक हजार मीटर खोलीवर, तिच्या संशोधकांपैकीच एक असलेल्या योहान वेस्टहाउझर यांच्या मस्तकावर निसटलेला दगड आदळला आणि शिरस्त्राण असूनही मेंदूस गंभीर इजा झाली. एक सोबती जखमीपाशी थांबला. दुसरा वर्दी देण्यासाठी दोरांवरून वर निघाला, त्यातच सुमारे बारा तास गेले, कारण एवढ्या पाषाणातून साधा बिनतारी संदेश जात नाही.

पुढची हकीकत धैर्याची खरी, पण त्याहूनही अधिक ती व्यवस्थेची आहे. पाण्याचे झोत कोसळणारे उभे कडे, अंग तिरके केल्यावाचून पुढे सरकता येणार नाही अशा चिरा, आणि हाडे गोठवणारी ओल अशा मार्गाने, मेंदूस दुखापत झालेल्या माणसाला स्ट्रेचरवर बांधून वर आणावयाचे होते. तेव्हा वाटेत ठिकठिकाणी मुक्काम उभारण्यात आले, नवे दोर जखडण्यात आले, आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली व क्रोएशिया या पाच देशांतील सातशेंहून अधिक माणसे या कामास लागली. १९ जून रोजी वेस्टहाउझर यांनी उजेड पाहिला.

यानंतर हिशेबाची वेळ आली. खर्च लाखो युरोंच्या घरात गेला होता, आणि हौशी माणसाच्या साहसाचे देणे सरकारी खजिन्याने का फेडावे, हा प्रश्न उपस्थित झाला. गुहेचे मुख बंद करण्याचा निर्णयही बव्हेरियाच्या शासनाने घेतला. करदात्याची तक्रार मला अगदीच अनाठायी वाटत नाही. मोहिमेपूर्वी विमा सक्तीचा करावा, हे रास्तच. परंतु सुटकेचा सगळा खर्च जखमीकडून वसूल होणार, अशी धास्ती एकदा बसली की मदतीची हाक मारण्यास विलंब होतो, आणि भूगर्भात विलंबाचा अर्थ बहुधा मृत्यू असा असतो. कुलपाविषयी तर माझा आक्षेप याहूनही मोठा आहे. रीझेन्डिंगची अंतर्गत वाट ज्यांना ठाऊक होती ती माणसे, जखमीप्रमाणेच, हौसेने तेथे वर्षानुवर्षे उतरणारीच होती. त्यांना मज्जाव केला तर पुढच्या अपघाताच्या वेळी वाट दाखवावयास कोणता अंमलदार पुढे येणार?

थायलंडमध्ये २०१८ साली हेच दिसले. थाम लुआंग गुहेत पुराच्या पाण्याने कोंडलेल्या बारा मुलांसाठी व त्यांच्या प्रशिक्षकासाठी लष्कर, नौदल, पंप (आपल्या किर्लोस्कर कंपनीचे तज्ज्ञही तेथे पोहोचले होते) अशी सारी सामग्री लोटली. तरी २ जुलै रोजी मुलांचा पत्ता लावला तो रिक स्टॅन्टन आणि जॉन व्होलान्थेन या दोन ब्रिटिश गुहा-पाणबुड्यांनी, ज्यांपैकी पहिले अग्निशमन दलातून निवृत्त झालेले आणि दुसरे संगणकक्षेत्रातले. नौदलाचे माजी पाणबुडे समान कुनान यांनी मात्र ६ जुलै रोजी, प्राणवायूच्या टाक्या आत पोहोचवून परतताना, जीव गमावला. शौर्यात ते कोणाहूनही उणे नव्हते. पण चिंचोळ्या, गढूळ, छताखालच्या पाण्यात बुडी मारण्याची विद्या ही निराळी, आणि ती छंद म्हणून जोपासणाऱ्यांपाशीच प्रामुख्याने होती.

आपल्याकडे सह्याद्रीच्या कड्यांवर दर पावसाळ्यात अपघात झाले की प्रथम सुचते ती बंदी; आणि दरीत उतरून माणसे वर काढतात ती मात्र लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची, पदरमोड करणारी, स्वयंसेवक मंडळी. पुढचा मनाईहुकूम काढण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाने या पथकांसाठी दोर, स्ट्रेचर आणि त्यांच्या स्वतःच्या जिवाचा विमा, एवढ्याची तजवीज अंदाजपत्रकात करावी.