जबडा आणि मान : एक संयुक्त खाते

दिवसभर पेढीवर वाकून हिशेब पाहणाऱ्याची मान सायंकाळी अवघडते, हे सर्वपरिचित आहे. परंतु त्याच व्यक्तीच्या कानापुढे ठणकू लागले, जांभई देताना सांध्यात ‘कट्’ असा आवाज झाला किंवा पोळी चावताना जबडा थकला, तर दोष दाढेला दिला जातो. दाढ निर्दोष आढळली तरी ती काढून टाकण्याचा आग्रह काही रुग्ण धरतात. अशा वेळी मानेचीही तपासणी व्हायला हवी.

जबडा व मान यांचा व्यवहार संयुक्त खात्यासारखा आहे. एकाने केलेल्या उचलीचा भार दुसऱ्यावरही पडतो. तोंड उघडताना खालचा जबडा खाली जातो, त्याच वेळी मानेचे स्नायू डोके किंचित मागे नेतात. घास चावताना डोके स्थिर ठेवण्याचे कामही तेच करतात. साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके सतत पुढे झुकलेले राहिले, तर मानेचे स्नायू ताठरतात आणि जबड्याची विसाव्याची स्थितीही बदलते.

उलट दिशेनेही हेच घडते. चिंतेने किंवा झोपेत दात आवळले, की जबड्याबरोबर मानेचे स्नायूही आकुंचन पावतात. शिवाय चेहरा व जबडा यांच्या संवेदना आणि मानेच्या वरच्या भागातील संवेदना मेरुरज्जूत एकाच ठिकाणी एकत्र येतात. त्यामुळे वेदनेचे मूळ मानेत असूनही ती कानशिलात किंवा जबड्यात जाणवू शकते.

उपाय साधे आहेत. फोन खांदा व कान यांच्यामध्ये दाबून बोलू नये. वही किंवा संगणकाचा पडदा शक्यतो डोळ्यांसमोर असावा. अर्ध्या तासाने उठून मान व खांदे सैल करावेत. घास दोन्ही बाजूंनी चावावा. विसाव्याच्या वेळी ओठ मिटलेले, पण दात परस्परांपासून दोन ते चार मिलिमीटर अलग असावेत. दुखणे असेपर्यंत मऊ आहार व कोमट शेक यांनी आराम पडतो. जबडा अडकला किंवा हाताला मुंग्या येऊ लागल्या, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. जिना चढताना किंवा श्रमाने जबडा दुखू लागला, सोबत छातीत दडपण, धाप किंवा घाम आला, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. तेव्हा शेक घेत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.