सल्ल्याला जामीन कोण?



‘आता कुणाला विचारायची गरजच नाही, फोनमधला एआय सगळं सांगतो’ हे गेल्या अंकातलं पत्र वाचलं. निम्मं पटलं. भालकी-औरादकडच्या आम्हा मराठी घरांत कन्नडमधली नोटीस आली की पूर्वी वाचून देणारा शोधावा लागे. आता फोटो काढला की मजकूर मराठीत समोर येतो. ही सोय मीही वापरतो. पण बियाणं आणि खरेदीचा सल्लाही त्यालाच विचारा म्हणतात, ते काही पटत नाही.

तुरीचंच घ्या. मर रोगाला दाद न देणारं वाण म्हणून ‘मारुती’ किंवा ‘टीएस-३आर’ ही नावं एआय देईलही. मात्र आळंदच्या कुठल्या शिवारात गेल्या साली उभं पीक वाळलं, हे तिथल्या शेतकऱ्यालाच ठाऊक. ते कुठे लिहिलेलंच नाही, मग यंत्राने वाचावं कुठून?

बिदरी कामाचंही तेच. जस्त-तांब्याच्या भांड्याला काळा रंग आणणारी बिदरच्या किल्ल्यातली माती जुने कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. अशा माणसाने ‘अमक्या दुकानात जा’ म्हटलं, तर त्यात त्याची पत गुंतलेली असते. माल खोटा निघाला, तर उद्या चौबाऱ्यावर त्याला आपल्यालाच तोंड दाखवायचं असतं! एआय चुकला तर जाब कुणाला विचारणार?

अर्ज, नोटिसा, भाषांतरं खुशाल फोनकडून करून घ्या. बी घेण्याआधी मात्र बांधाशेजारच्याला विचारा.

— एक वाचक, भालकी (जि. बिदर)