बार शेतासाठी, दडा कानाला

भाताच्या लोंब्या भरू लागल्या की महाड-पोलादपूरच्या डोंगराकडच्या वाड्यांवर राखणीचे दिवस सुरू होतात. वरकस जमिनीत नाचणी-वरी, खाली भात, आणि या सगळ्यावर रात्री रानडुकरं, दिवसा वानरं. हे दुखणं तुम्हाला नव्याने सांगायला नको. ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे ते बार काढतात. ज्यांच्याकडे नाही ते सुतळी बॉम्ब लावतात. निवडणूक लागली आणि बंदूक ठाण्यात जमा करावी लागली, तर परवानेवालेही सुतळी बॉम्बवरच येतात. या बारांनी डुक्कर किती हटतं यावर आजवर पुष्कळ लिहून झालं. पण बार काढणाऱ्याच्या कानाचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. कचेरी नाही, दवाखाना नाही आणि घरचेही नाहीत.

बार झाला की कानाला दडे बसतात. मग कुईं... असा बारीक आवाज सुरू होतो, कानात रातकिडा शिरल्यासारखा. सकाळपर्यंत किंवा फार तर दोन दिवसांत तो थांबतो आणि माणूस विसरून जातो. खरी चूक इथे होते. आवाज थांबला म्हणजे इजा भरून आली असं नव्हे. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा भाग असतो आणि त्यात पंधरा हजारांच्या आसपास अतिशय नाजूक केसाळ पेशी असतात. वाऱ्याने भात आडवं होतं, तसं मोठ्या आवाजाने या पेशींचं होतं. काही पुन्हा उभ्या राहतात, काही कायमच्या जातात. भात पुढच्या साली पुन्हा लावता येतं. माणसाच्या कानातल्या या पेशी पुन्हा उगवत नाहीत. अशा दहा-वीस राखणी झाल्या की कधीतरी तो रातकिडा मुक्कामालाच येतो.

आता थोडे आकडे. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास वर्षानुवर्षं ऐकला तर कान बिघडतो, असा सर्वसाधारण हिशेब आहे. एकदाच होणाऱ्या धमाक्याला १४० डेसिबल ही धोक्याची रेघ मानतात. बारा बोअरच्या बंदुकीचा बार उडवणाऱ्याच्या कानाशी १५० ते १६० च्या घरात जातो. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते, हे लक्षात घेतलं म्हणजे १४० आणि १६० मधलं अंतर किती मोठं आहे ते कळेल. "अहो, क्षणभराचा तर आवाज," असं म्हणण्यात अर्थ नाही. मोठ्या आवाजाला कान आतले स्नायू आवळून स्वतःला थोडाफार सावरतो, पण त्याला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. बार त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. त्यात माळ्यावर पत्र्याचं छप्पर असेल तर तोच आवाज पत्र्यावर आपटून पुन्हा कानावर येतो. बॅटरी धरून शेजारी बसलेल्या पोराचा कान तर कधी कधी नळीच्या तोंडाला उडवणाऱ्यापेक्षाही जवळ असतो. त्याच्याकडे कोण बघतं?

सुतळी बॉम्बही साधा नाही. १९९९ च्या नियमांनी फटाक्याच्या आवाजाला मर्यादा घातली, ती १२५ डेसिबलची, तीही फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर मोजलेली. अंधारात बांधावर वात पेटवून मागे सरणारा माणूस चार मीटर मोजून उभा राहत नाही.

उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान आधी जातो. उजवा कान दस्त्याकडे, डोक्याच्या आडोशाला राहतो, तर डावा नळीकडे उघडा असतो. तुमच्या गावात कोणी जुना बंदूकवाला फोन नेहमी उजव्याच कानाला लावत असेल तर त्याला एकदा विचारा. दुसरी खूण अशी की बोललेलं ऐकू येतं, पण कळत नाही. बाराने आधी बारीक, उंच सूर जातात. बोलण्यातले स, श, फ, थ त्यातच येतात, आणि बायकामुलांचे आवाजही. म्हणून घरात तक्रार होते की, "बाबांना माझंच ऐकू येत नाही, सरपंचांचं बरं येतं!" बाबांचा त्यात काही दोष नसतो.

हे फक्त राखणदाराचं नाही. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्यात घरटी माणूस सैन्यात, ही ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे, आणि दोन्ही तालुक्यांत निवृत्त जवानांची घरं काही कमी नाहीत. रायफलचा आवाजही याच घरातला. ज्यांनी फायरिंग रेंजवर वर्षं काढली आणि आता गावी बंदूक घेतली किंवा बँकेच्या दारात बंदूकधारी म्हणून उभे आहेत, त्यांचा कान आधीच वापरलेला आहे. त्यांनी २००३ पासून चालू असलेल्या ईसीएचएस योजनेतून कान तपासून घ्यायला हयगय करू नये.

आता कायद्याकडे बघू. कारखान्यातल्या आवाजाने येणारा बहिरेपणा हा कळवण्याजोगा आजार म्हणून १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात होता, २०२० च्या नव्या संहितेतही तो आहे. म्हणजे महाडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या कानाला कागदावर का होईना, वाली आहे. त्याचाच भाऊ गावात बंदूक घेऊन राखण करतो, त्याला कोणी नाही. परवान्यासाठी काय काय लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सातबारा, पोलिसांचा अहवाल, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर सुरक्षा प्रशिक्षणाचा आणि डॉक्टरांचा दाखला. डॉक्टरांच्या दाखल्याचा भर माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का, व्यसन आहे का, यावर. ते योग्यच आहे. पण अंधारात बंदूक धरणाऱ्याला झुडपातली खसफस डुकराची की माणसाच्या पायाची हे ओळखायला कानच लागतो. डुक्कर समजून सोबत्यावरच गोळी झाडल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येतात. तरीही कान तपासा असं ठासून कोणी म्हणत नाही, ही मला तरी मोठी उणीव वाटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. निदान नूतनीकरणाला माणूस येतो तेव्हा त्याच्या कानाची तपासणी व्हायला काय हरकत आहे? (रानडुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते. परवान्याची बंदूक म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे, हे जाता जाता.)

उपाय महागडा नाही. औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या पोरांना विचारा, कानात घालायचे फोमचे बोळे एका चहाच्या पैशात मिळतात. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. अर्धवट घातला तर उपयोग नाही. कापसाचा बोळा म्हणजे मनाचं समाधान. त्याने जेमतेम पाच-सात डेसिबल अडतात. फोमचा नीट बसलेला बोळा वीस-पंचवीस अडवतो, म्हणजे १५५ चा बार १३०-१३५ वर येतो. वरून हेडफोनसारखे कानझाकणे लावले तर आणखी बरं.

"बोळे घातले तर डुकराची चाहूल कशी लागणार?" हा प्रश्न रास्त आहे. त्यावर वाट अशी, की कानझाकणे गळ्यात ठेवायचे आणि बंदूक उचलण्याआधी चढवायचे. बारीक आवाज आत सोडणारे आणि धमाका अडवणारे विजेरी कानझाकणेही मिळतात. ते महाग आहेत, पण चार शेतकऱ्यांनी मिळून एक घ्यायला हरकत नाही. शेजारी बसणाऱ्यालाही बोळे द्या.

बारानंतर दोन दिवसांतही दडा सुटला नाही किंवा एका कानाने एकदम ऐकू येईनासं झालं, तर मात्र थांबू नका. कानाच्या डॉक्टरकडे जायचं ते दोन-तीन दिवसांच्या आतच, कारण औषधाचा गुण येण्याची शक्यता असते ती सुरुवातीलाच. महिन्याने गेलात तर डॉक्टरही फारसं काही करू शकत नाहीत. कानात कोमट तेल घालू नका. पडदा फाटला असेल तर तेल आत उतरून पू होतो. जुनी कुईं पुसून टाकणारं औषध अजून नाही. रात्री शांततेत ती जास्त जाणवते, तेव्हा पंखा किंवा रेडिओ बारीक चालू ठेवला तर झोप लागते. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने दोन्ही गोष्टींना मदत होते.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांना एवढंच सांगणं आहे. दिव्यांगांसाठी ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी राखलेला असतो, त्यातून श्रवणयंत्राची मदत होऊ शकते. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बसायला दोन्ही कानांनी निदान साठ डेसिबल ऐकू येणं गेलेलं असावं लागतं, आणि बंदुकीने आधी उंच सूर जात असल्याने आपला राखणदार बहुधा त्या रेघेच्या अलीकडेच राहतो. त्याला दाखला नाही, यंत्र नाही. पोलादपूरहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून अधिक, तेवढ्यासाठी कोणी जाणारही नाही. म्हणून गावातल्या परवानेधारकांची यादी पोलीस पाटलांकडून घ्या, तालुक्याच्या आरोग्य शिबिरात कान तपासण्याचं यंत्र आणा असं लेखी कळवा, आणि यंदा भात पोटरीला येण्याआधी बोळ्यांचं एक खोकं ग्रामपंचायतीत आणून ठेवा.