विकासदर आणि थकलेली बिले

भारताची अर्थव्यवस्था २०१४ मध्ये जगात दहाव्या क्रमांकावर होती. २०२२ मध्ये ब्रिटनला मागे टाकून ती पाचव्या क्रमांकावर आली. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षे या देशाचे आर्थिक शोषण केले, त्यांनाच मागे सारून मिळवलेल्या या स्थानाचा प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु अभिमानाचे रूपांतर आत्मसंतुष्टतेत झाले की राष्ट्राच्या वाटचालीला खीळ बसते. आपले दरडोई उत्पन्न अद्याप तीन हजार डॉलरच्या आत आहे. चीनचे त्याच्या चौपटीहून अधिक आहे. राष्ट्रीय उत्पादन धोरण २०११ मध्ये जाहीर झाले, तेव्हा कारखानदारीचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा २०२२ पर्यंत २५ टक्क्यांवर नेण्याचा संकल्प होता. २०२२ साल सरले तेव्हा तो १७ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत होता.

२०२५ या वर्षाने तर आपल्याला दोनदा खडबडून जागे केले. एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ धातू आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि आपला वाहन उद्योग चिंताक्रांत झाला. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले आणि तिरुपूरच्या कपड्यांपासून सुरतच्या हिऱ्यांपर्यंत सर्वांना त्याची झळ बसली. जागतिक व्यापारात मैत्रीची भाषा किती काळ टिकते, हे यातून पुरेसे स्पष्ट झाले. अशा जगात टिकायचे, तर आपला माल गुणवत्तेत आणि किमतीत कोणाहूनही उणा असता कामा नये. प्रश्न असा आहे की, ही स्पर्धाक्षमता घडते कोठे?

ती घडते भोसरी, सातपूर, शिरोली, इचलकरंजी येथील लहान लहान कारखान्यांत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशात सहा कोटींहून अधिक सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग होते आणि त्यांवर अकरा कोटी लोकांची उपजीविका चालत होती. मोठ्या कंपनीची मोटार जगाच्या बाजारात जाते, तेव्हा तिच्यातील असंख्य सुटे भाग याच लघुउद्योजकांच्या यंत्रांवर घडलेले असतात. या उद्योजकाची स्थिती काय आहे? कच्चा माल त्याला रोखीने किंवा अल्प मुदतीच्या उधारीवर घ्यावा लागतो. कामगारांचा पगार महिन्याच्या महिन्याला करावा लागतो. बिल फाडले की वस्तू व सेवा कर पुढच्या महिन्यात भरावा लागतो. पैसे हाती आले किंवा नाही, याच्याशी त्या कराचा संबंध नसतो. आणि ज्याने माल घेतला तो बडा ग्राहक मात्र तीन-तीन, चार-चार महिने पैसे देत नाही. म्हणजे बँकेचे व्याज लहानाने सोसायचे आणि त्या पैशाचा बिनव्याजी वापर मोठ्याने करायचा! ज्याची सारी शक्ती वसुलीत खर्च होते, त्याने नवे यंत्र घ्यावे कधी, आणि संशोधन करावे कशाच्या बळावर?

कायदा नाही, असे नाही. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक केले; विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूदही केली. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकरातील बदलानुसार, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. या पावलाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्याच्या एका ऑर्डरवर आपला कारखाना चालतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धाडस किती जण करतील? जेथे सरकारी खाती आणि सार्वजनिक उपक्रमच देणी थकवतात, तेथे खासगी कंपन्यांना उपदेश करण्याचा अधिकार कोणत्या तोंडाने सांगावा?

स्वदेशीचा विचार येथे आपल्याला वाट दाखवतो. लोकमान्यांच्या काळात महाराष्ट्रात पैसा फंड उभा राहिला. सामान्य माणसाने एकेक पैसा दिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर प्रारंभी शेतकरी घेईना. जमिनीत विष कालवले जाईल, अशी भीती त्याला वाटे. पुढे तो खपला, तो नुसत्या स्वदेशीच्या शिक्क्यावर नव्हे, तर शेतात तो सरस ठरला म्हणून. समाजाने भांडवल द्यावे आणि उद्योजकाने गुणवत्ता द्यावी, असा तो परस्पर विश्वासाचा व्यवहार होता. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंच उभारला, तोही स्वदेशीला केवळ बहिष्काराच्या घोषणेपुरते मर्यादित ठेवण्यासाठी नव्हे.

त्या पिढीने पैसा दिला. आजच्या पिढीकडून दानाची अपेक्षाही नाही. जे देणे आहे ते वेळेवर द्यावे, एवढेच मागणे आहे. ४५ दिवसांपलीकडे थकलेल्या रकमांचा तपशील कंपन्यांना दर सहामाहीला निबंधकांकडे सादर करावा लागतो. तो सर्वांना सहज पाहता येईल अशा रीतीने प्रसिद्ध व्हावा. केंद्र आणि राज्य सरकारांनी आपली देणी आधी चुकती करून उदाहरण घालून द्यावे. आणि आपल्या वाचकांपैकी जे कंपन्यांत, बँकांत, कार्यालयांत जबाबदारीच्या जागांवर आहेत, त्यांनी आपल्या टेबलावर अडलेले बिल आजच पुढे पाठवावे. सुताराला आणि शिंप्याला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणणाऱ्या घरांनीही हाच नियम पाळावा. अंत्योदयाचा विचार सांगणाऱ्यांनी तो प्रथम आपल्या व्यवहारात आणला पाहिजे. विकासदराचे आकडे वर-खाली होत राहतील; परंतु शब्द आणि मुदत पाळणारा समाजच जगाच्या बाजारात दीर्घकाळ उभा राहू शकेल.