परसांतील सुगंध

परसांत एकच वाफा करावयाचा, त्यांत सर्व रोपें लावावयाचीं आणि सर्वांना सारखेंच पाणी घालावयाचें, अशी आमच्या घरची रीत होती. परिणाम असा झाला कीं, पुदिना फोफावला. पण मरवा व दवणा मुळाशीं कुजून गेले. मायेनें घातलेल्या पाण्यानेंच ते दगावले!

म्हणून भगिनींनो, रोप निवडण्यापूर्वीं जागा पाहावी. ओलसर, अर्धवट सावलीची जागा पुदिन्याला द्यावी. मात्र तो दूरवर पसरतो, सबब कुंडींतच बरा. धने हलकेच रगडून, दुभंगून पेरावे. ८ ते १२ दिवसांत अंकुर दिसतात. कोथिंबिरीचें रोप उपटून दुसरीकडे लावूं नये. गवती चहाचे ठोंब पावसाळ्याच्या आरंभीं लावावे. मरव्याला ऊन व पाण्याचा निचरा होणारी माती हवी. कोल्हापूरजवळच्या जोतिबाला चैत्रांत वाहतात तो दवणा पावसाळा सरल्यावर, कार्तिकांत पेरावा. अतिपाणी त्यालाहि सोसत नाहीं.

एका पंगतीला वाढतांना कोणाचें काय पथ्य आहे, हें आपण पाहतोंच. तसेंच वाफ्यांतहि पाहावें.