बडोद्याला आलेला कर्जदार पाहुणा



दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नात आली होती. सातवीत आहे. इकडे आली की लक्ष्मी विलास राजवाडा बघायचा, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. परत येताना रिक्षात तिला सहज सांगितलं, "तुझा तो टॉम सॉयर ज्याने लिहिला ना, तो मार्क ट्वेन आपल्या बडोद्यात येऊन गेलाय."

"खरंच, आजी? फिरायला?"

"नाही गं. कर्ज फेडायला."

ती खळखळून हसली. तिला वाटलं, आजी गंमत करतेय. म्हणून घरी आल्यावर तिला सगळी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

मार्क ट्वेन हे टोपणनाव. खरं नाव सॅम्युअल क्लेमन्स. जन्म १८३५चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला. बालपण गेलं मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावात. अकरा वर्षांचा असताना वडील वारले आणि लवकरच पोरगा छापखान्यात उमेदवारी करू लागला. पुढे नदीवरच्या आगबोटीचा सुकाणूवाला झाला. पाण्याची खोली मोजणारा खलाशी 'मार्क ट्वेन' अशी आरोळी द्यायचा, म्हणजे दोन वाव, बारा फूट पाणी आहे. बोट जायला तेवढं पुरे. तीच आरोळी त्याने पुढे टोपणनाव म्हणून घेतली.

लेखणीने त्याला भरभरून दिलं. 'टॉम सॉयर' १८७६ साली आलं, 'हकल्बरी फिन' १८८५च्या सुमारास. हार्टफर्ड गावात ऐसपैस घर होतं, ऑलिव्हिया नावाची जाणती बायको होती, सूझी, क्लारा आणि जीन अशा तीन मुली होत्या. थोरली सूझी तर तेरा वर्षांची असताना बापाचं चरित्र लिहायला बसली होती! घरात त्या वहीचं केवढं कौतुक.

पण लिहिणाऱ्या माणसाला व्यापाराची हौस आली. स्वतःची प्रकाशन संस्था काढली. सुरुवात तर झकास झाली. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचं एका पेढीच्या घोटाळ्यात दिवाळं निघालं होतं, त्यात घशाचा कर्करोग. आपल्यामागे बायकोचे हाल होऊ नयेत म्हणून ते मरणाच्या दारात आठवणी लिहीत होते. ट्वेनने ते पुस्तक छापलं आणि १८८६ साली ग्रँटबाईंच्या हाती २ लाख डॉलरचा धनादेश ठेवला. दुसऱ्याचं घर असं सावरणारा हा माणूस स्वतःचं घर मात्र बुडवत होता.

कारण एक यंत्र. लहानपणी छापखान्यात एकेक खिळा हाताने जुळवण्याचे कष्ट त्याने स्वतः केले होते. त्यामुळे पेज नावाच्या संशोधकाने खिळे आपोआप जुळवणारं यंत्र दाखवल्यावर तो पार भुलला. यंत्राला हजारो सुटे भाग. आज चालायचं, उद्या बिघडायचं. पेज म्हणायचा, थोडंच राहिलंय, आणि ट्वेन पैसे ओतत राहायचा. असं एक-दोन नाही, जवळजवळ चौदा वर्षं चाललं. तोवर लायनोटाइप हे दुसरं, सोपं यंत्र वर्तमानपत्रांच्या छापखान्यांत जाऊन बसलं होतं. ट्वेनची लाखो डॉलरची कमाई त्यात गेली, बायकोचा माहेरचा पैसाही गेला. १८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली आणि एप्रिल १८९४मध्ये प्रकाशन संस्थेचं दिवाळं वाजलं. कागदवाले, छपाईवाले, पुस्तक बांधणारे, सगळ्यांची देणी थकलेली.

आता इथे खरी गोष्ट सुरू होते. दिवाळखोरीच्या कायद्यात वाट होती. देणेकऱ्यांना डॉलरमागे अर्धा डॉलर देऊन मोकळं होता आलं असतं, आणि पुष्कळ जण तसंच करत. हेन्री रॉजर्स हा तेलसम्राट त्याचा मित्र. त्याने व्यवहार हाती घेतला आणि पुस्तकांचे हक्क ऑलिव्हियाच्या नावावर करून जप्तीतून वाचवले. पण ऑलिव्हियाचं म्हणणं स्पष्ट होतं, पै न् पै फेडायची. ट्वेनलाही ते पटलं. निघताना त्याने जाहीर सांगितलं की कायदा थोडक्यात सोडतो, अब्रू सोडत नाही, आणि चार वर्षांत मी सगळं फेडीन.

फेडायचं कशाने? त्याच्याकडे एकच भांडवल होतं, लोकांना हसवणं. १८९५च्या जुलैमध्ये तो जगभर व्याख्यानं देत फिरायला निघाला. वय एकोणसाठ, अंगावर काळपुळी उठलेली, धड उभंही राहवत नव्हतं. बरोबर ऑलिव्हिया आणि मधली मुलगी क्लारा. सूझी आणि धाकटी जीन एल्मायराला मावशीकडे राहिल्या. रात्रीची गाडी होती. फलाटावरच्या विजेच्या दिव्याखाली उभी राहून हात हलवणारी सूझी त्याने गाडीतून पाहिली.

अमेरिकेच्या उत्तर भागातून कॅनडा, मग फिजी, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. साठावा वाढदिवस न्यूझीलंडमध्ये. तिथून श्रीलंकेमार्गे जानेवारी १८९६मध्ये मुंबई. उतरला वॉटसन हॉटेलात, तोही खोकत. बरं वाटल्यावर नॉव्हेल्टी थिएटरात कार्यक्रम केला. हातात कागद नाही, चेहऱ्यावर हसू नाही. तोंड गंभीर ठेवून गोष्टी सांगायचा आणि लोक मात्र हसून लोळायचे.

मुंबईतले कावळे त्याला फार आवडले. त्यांच्यावर त्याने असं लिहिलंय की वाचल्यावर आपल्या खिडकीतला कावळा वेगळाच दिसायला लागतो. पण तिथलीच दुसरी एक आठवण मला जास्त लागते. हॉटेलात एका जर्मन माणसाने क्षुल्लक कारणावरून नोकराच्या थोबाडीत मारली. नोकर काही न बोलता कामाला लागला. ते पाहून ट्वेनला पन्नास वर्षांपूर्वीचं हॅनिबल आठवलं. तिथे गुलामांना असंच मारत. त्याचे वडील तसे सौम्य स्वभावाचे, पण घरातल्या गुलाम पोरावर त्यांचाही हात पडे. लहानपणी त्यात काही गैर वाटलं नव्हतं, तरी मार खाणाऱ्याची कीव यायची. हे सगळं त्याने लपवलं नाही, लिहून ठेवलं.

मुंबई, पुणं करून जानेवारीच्या अखेरीस स्वारी आपल्या बडोद्यात आली. पहाटेची गाडी, थंडीचे दिवस. सयाजीराव महाराजांसमोर व्याख्यान झालं. दरबाराच्या उंच दालनात आवाज घुमतो, व्याख्यानाला ती जागा काही बरी नाही, अशी त्याची तक्रार. पण दालन आवडलं. जुना वाडाही आवडला. नव्या राजवाड्याला मात्र त्याने चक्क नावं ठेवली. म्हणे, नुसता खर्चिक, हिंदुस्थानात न शोभणारा, आणि बांधणारा वास्तुकार शिक्षा न होता सुटला कसा! बडोदेकरांनो, रागावू नका, कर्जात बुडालेल्या माणसाला खर्चिक वाडा टोचणारच. सोन्याच्या आणि चांदीच्या तोफा पाहून तो थक्क झाला. हत्तीवरही बसला, पण हौसेने नाही. नको म्हटलं तर घाबरला म्हणतील म्हणून, आणि घाबरला तर होताच!

नात इथे खूप हसली. पुढचं सांगावं की नाही, क्षणभर वाटलं. पण सांगितलं.

अलाहाबाद, काशी, कलकत्ता, दार्जिलिंग, लाहोर असा देश पालथा घालून तो मॉरिशस आणि दक्षिण आफ्रिकेला गेला. जुलैअखेर इंग्लंडला पोचला. व्याख्यानं संपली होती. आता दोघी मुली अमेरिकेहून येणार आणि सगळे एकत्र राहणार, असं ठरलं होतं. मुलींऐवजी निरोप आला की सूझीला बरं नाही. ऑलिव्हिया आणि क्लारा ताबडतोब बोटीने निघाल्या. त्या समुद्रात असतानाच, १८ ऑगस्ट १८९६ रोजी, सूझी हार्टफर्डच्या घरात मेंदूज्वराने गेली. चोवीस वर्षांची होती. इंग्लंडमध्ये एकट्या असलेल्या बापाच्या हातात तार पडली.

आणि मंडळी, तरीही पुस्तक लिहायचं बाकी होतं, कारण देणं बाकी होतं. लंडनमध्ये घर घेऊन, दुःखात बुडालेल्या त्या घरात बसून त्याने हा प्रवास लिहून काढला. कावळे, हत्ती, आपलं बडोदं, सगळं त्या दिवसांतलं लेखन आहे. पुस्तक १८९७च्या अखेरीस निघालं, आणि १८९८च्या सुरुवातीला शेवटचं देणं फिटलं. सांगितली होती चार वर्षं, लागली तीनपेक्षा कमी. हार्टफर्डच्या घरात मात्र ते कुटुंब पुन्हा राहायला गेलं नाही. काही वर्षांनी घर विकून टाकलं.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, तो आला नसता तर शेवटी सूझीजवळ असता ना?"

"हो, असता."

"मग त्याने यायला नको होतं."

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, दुकान बुडाल्यावर सोळा वर्षं लोकांचे पैसे फेडत होते. रोज संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे. आम्हा भावंडांच्या वाट्याला ते कधी आलेच नाहीत, म्हणून लहानपणी मीही असंच काहीतरी म्हणाले होते. ते म्हणाले होते, "बाळ, रस्त्यात माणूस समोरून आला तर मला मान खाली घालावी लागू नये, एवढंच." तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलंय असं नाही.

नातीला मी दादांचं उत्तर सांगितलं, आणि माझं काय म्हणणं आहे तेही. ती म्हणाली, विचार करते. जाताना 'हकल्बरी फिन' पिशवीत टाकून घेऊन गेली. तुमच्या घरातल्या मुलांना विचारा, ती काय म्हणतात. आणि मला जरूर कळवा.